अपूर्ण भूतकाळ

मंगळवारी सात वाजता, स्वान्झीच्या ग्रंथालयात
नेरिसबाई फळ्यावर लिहितात: मस्ट, शुड, माइट.
सक्ती, सल्ला, शक्यता.
उतरत्या भाजणीने.

लेतेब्रहान हात वर करते. हाताला अजून
इस्पितळाच्या लाँड्रीचा वास.
मुकादमीण म्हणाली, यू माइट वॉन्ट टु फोल्ड दीज फर्स्ट.
मला वाटलं, मर्जी माझी.
मी आधी अभ्रे घेतले,
आणि बोलणी खाल्ली.

बाई मार्करचं टोपण चावतात.
तो माइट नव्हता गं,
मस्टच होता, कोट घालून आलेला.
हेमिन हसतो, मग वहीत टिपून घेतो: कोट.

पुढचा धडा, आय वॉज वंडरिंग.
मागायचं आज,
म्हणायचं मात्र, मी विचार करत होते.
जणू मागणं दारात केव्हाचं उभं, ताटकळत.
करत होते? लेतेब्रहान विचारते,
मग आता थांबले का?
बाई घड्याळ बघतात.

शुक्रवारी, वाफेत, रजेसाठी
ती मुकादमिणीपुढे उभी.
आय वॉज वंडरिंग इफ आय कुड
आणि पुढचा शब्दच गळतो.

मुकादमीण ओल्या चादरीचं दुसरं टोक
तिच्या हातात देते
आणि वाट बघते.