राखण

भोकरदन नाक्याजवळच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
खिडकीला काळा कागद.
मी म्हणते, हनुवटी इथं, कपाळ पट्टीला.
कौसाबाई टेकते,
आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ.

खालच्या पापणीत नारिंगी पट्टी टेकवते.
मिटा. उघडा.
निळा दिवा.

आणि उमटतात हिरवे ठिपके,
वरच्या पापणीखाली दाट, पुढं विरळ,
पेरताना चाड्यावरचा हात थरथरला असावा तसे.

"काय दिसतंय, ताई?"
"हिरवं."
"मंग बरंच हाये की."

आमच्या जालन्यात कुणी हिरवं म्हटलं
की ऐकणारा निवांत होतो.
मला सांगावं लागतं, हे तसलं हिरवं नाही.
जिथं उसवलंय तिथंच हा रंग मुरतो.

सीड प्लॉटवर जाते ती. कापसाचं क्रॉसिंग.
दुपारनंतर उद्याच्या कळ्या सोलायच्या,
नखानं नर काढायचा, वर टोपी घालायची,
सकाळी दुसऱ्या ओळीतलं फूल आणून
तोंडाला तोंड लावायचं.
दिवसाला सहाशे.
बोटं पिवळी, बांधावर कमरेएवढं गाजरगवत,
आणि डोळा खाजला की ती कोपरानं चोळते.
चोळू नका, हे मी तीनदा सांगितलंय.

बुबुळावर पेशींचा थर असतो, कौसाबाई,
सुपाची वीण असते तसा,
दाणा निसटत नाही.
पराग येतो. त्याचं काही वैर नसतं.
पण शरीराच्या मनात एकदा बसलं की हा चोर,
मग तो चोरच.
पेशी फुटतात, हिस्टामिन सांडतं,
खाज, पाणी, लाली. एवढं तुम्हाला कळतं.
न कळणारं असं की चिठ्ठ्या निघतात,
इंटरल्यूकिन म्हणतात त्यांना,
चार नंबर, तेरा नंबर, एसटीला असावेत तसे,
या पेशीकडून त्या पेशीकडं,
आणि त्यातली एखादी थेट विणीलाच पोचते:
सैल हो.
वीण सैल, की आणखी पराग आत.
आणखी पराग, आणखी चिठ्ठ्या.

मी थांबते. फार झालं.
सोपं करून म्हणते, "कुंपणच शेत खातंय."

पट्टीवरचं कपाळ ती उचलते.
"कुंपन काहून खाईन?
माळ्यावर राखनीला पोरगं बसवलंय ना, ते भेकड हाये.
एक चिमनी दिसली की गोफन सोडतंय.
चिमनी जाती उडून.
कनसं पडतेत."

पुस्तकात यावर पंधरा पानं आहेत.
पोरगं कुठंच नाही.

"मंग काय करता? हाकलता त्याला?"
हाकलून कसं चालेल. उद्या खरंच कुणी आलं तर?
थोडं शांत करायचं. हा थेंब चार वेळा, दोन आठवडे,
वर एक दिवस नाही.
आणि मेडिकलमधून पुन्हा आपल्या मनानं आणायचा नाही,
फार गुंगवलं तर ते राखणच विसरेल.
बर्फाच्या पाण्याचं फडकं. कामावर चष्मा.

"चष्म्याला वाफ धरती. नर दिसत न्हाई.
एक जरी राह्यला तर साहेब आख्खी ओळ उपटून टाकतेत."

हंगामाचे अठरा दिवस बाकी आहेत, मी विचारलं होतं.
कागदावर मी 'विश्रांती' लिहिते
आणि तिच्याकडं बघत नाही.

ती जाते. बाटली कमरेच्या पिशवीत,
जिथं उद्याच्या सहाशे टोप्या आहेत,
भलता पराग आत जाऊ नये म्हणून.

हनुवटीच्या टेकूवर पिवळी भुकटी राहिलीय.
स्पिरिटनं पुसते.
माझा डावा डोळा सकाळपासून चुरचुरतोय,
बाहेर अजून नऊ जण आहेत.