सहा बॅचलर

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आमची खोली. सहा खाटा, एक एसी,
आणि दारावर मालकानं चिकटवलेला कागद.
त्यावर आम्हा सगळ्यांना मिळून एकच नाव : बॅचलर.

बशीर परकारला तीन मुली.
थोरली गेल्या महिन्यात दापोलीत बाळंत झाली.
यानं फोनवरून नातवाच्या कानात बांग दिली,
नेटवर्क अडखळलं,
पुन्हा पहिल्यापासून दिली.
बॅचलर.

तेजबहादुरशी त्याची बायको दर शुक्रवारी भांडते,
पोखऱ्याहून, छपराच्या पत्र्यांवरून.
कुंजुमोनचा संसार एकूण एकवीस दिवसांचा,
त्यातले दोन विमानतळावर गेले.
उरलेल्या दोघांचं काय सांगू,
एकाच्या उशीखाली मुलीचं दुधाचं दात आहे, काडेपेटीत.

या खोलीत बिनलग्नाचा मी एकटाच.
राऊळ, कुडाळचा, एकोणपन्नास पूर्ण.
चिलर आणि एसी दुरुस्त करतो.
भाडं मात्र सगळे सारखंच देतो.

कंपनीचा शर्ट अंगात असला
की लोकांच्या बेडरूमपर्यंत जातो मी,
पलंगावर पाय देऊन फिल्टर काढतो,
बाई म्हणतात, भैया, पाणी घेणार?
शर्ट काढला की त्यांच्याच इमारतीखालच्या बागेत
बाकावर बसता येत नाही.
फक्त कुटुंबांसाठी.
अरबीतला मला लागलेला पहिला शब्द 'उज़्ज़ाब'.
ऐन, ज़े, अलिफ, बे.
आमच्याचबद्दलच्या पाट्या वाचत वाचत शिकलो.

परवा विद्यापीठातून एक मुलगी आली,
निदा नावाची, टॅबलेट घेऊन.
भाऊ खाली गाडीत थांबलेला.
एकट्या माणसांविषयी लोक काय गृहीत धरतात,
असं काहीसं संशोधन.
सणाला ड्यूटी कुणाला लागते?
मी म्हटलं, बावीस दिवाळ्या लिहा.
सुपरवायझर म्हणतो, तुझी कोण वाट बघतंय?
गावाहून बहीण म्हणते, तुझ्यामागे कोण आहे,
आणि भाचीच्या फीची तारीख कळवते.

मग तिनं विचारलं,
लग्न न करण्याचं कारण?
आर्थिक, कौटुंबिक, आरोग्यविषयक, अन्य.

मी बराच वेळ बोललो नाही.
मग म्हटलं, हे परकारला विचारलंत का,
त्यानं का केलं ते?
वरच्या खाटेवरून परकार म्हणाला,
मला कुणी विचारलंच नाही हो,
नुसती तारीख सांगितली.
खोली हसली. तीही हसली.
म्हणाली, हा प्रश्न फॉर्मात नाही,
आणि पर्समधून पेन काढून तळहातावर लिहून घेतला.

अन्यवर बोट ठेवून गेली ती.
खरं तर एवढंच सांगायचं होतं,
भूक नसताना न जेवणं
याला उपास म्हणत नाहीत.
पण तिच्या भावानं दोनदा हॉर्न दिला होता.

रात्री दहाला पाच फोन उजळतात,
पाच जण भिंतीकडे तोंड करून कुजबुजतात.
मी संत्रं घेऊन जिन्यात येतो.
त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी उठतो.
अर्धं खरं आहे.
उरलेलं अर्धं : जिन्यात मला बरं वाटतं.
चौथ्या मजल्याच्या एसीचं पाणी
रेलिंगवर ठिबकतंय.
नळी तुंबली असणार. उद्या बघतो.