टॅली

झटक्यानंतर बाबांच्या तोंडून
मीठ गेलं, चमचा गेला,
माझं नावही गेलं.
सुहासचं राहिलं. थोरला ना, असू दे.

उरले ते गोदीतले शब्द.
मोरेश्वर वर्तक, टॅली क्लार्क,
छत्तीस वर्षं इंदिरा डॉकात:
उतरणाऱ्या पेटीमागे एक उभी रेघ,
चार झाल्या की पाचवी आडवी.
मॅट्रिकच्या पुस्तकात कुठेच नसलेलं इंग्रजी
पेट्यांवरून, पावत्यांवरून अंगावर उडालेलं.

सोमवार-गुरुवार शर्मीन येते, स्पीच थेरपीची.
चित्रांचे पत्ते मांडते.
उशी दाखवते. बाबा म्हणतात, "डनेज."
शर्मीन फुली मारते.
पेला दाखवते, अर्धा भरलेला.
"अलेज."
फुली.
मान खाली घालून ते फुल्या मोजतात;
चार झाल्या की
डाव्या बोटानं चादरीवर आडवी रेघ.

मी बँकेत. माझं इंग्रजी
'रिस्पेक्टेड सर'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत.
शिवडी नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडून
किलोच्या भावानं जाडजूड डिक्शनरी आणली,
'झेड' वाळवीनं खाल्लेला.
भांडी झाल्यावर घेऊन बसले.

डनेज: माल हलू नये, घासू नये म्हणून
जहाजाच्या पोटात मधेमधे कोंबतात
ती फळकुटं, चटया, काथ्या.
बाबांच्या उजव्या कुशीखाली
मीच तर तीन उशा कोंबल्या आहेत.

अलेज: पिंपात जे नाही ते.
काठापासून तेलापर्यंतची मोकळी जागा,
जी मोजावीच लागते,
कारण किती भरलंय ते तिच्यावरून कळतं.
मी उठून कळशीत डोकावले.
आपल्यात याला काय म्हणायचं?
रितेपण म्हटलं की लगेच कविता होते.
अलेज म्हटलं तर नुसता हिशोब.
बाबांना हिशोब आवडतो.

शर्मीनला सांगितलं, त्या फुल्या खोड.
ती म्हणाली, "ताई, उत्तर बरोबर असेल,
पण चार्टमध्ये त्याचा रकाना नाही."

रविवारी सुहास आला. फिजिओचं बिल बघून
म्हणाला, "तू इथेच राहतेस ना, मग तूच..."
बाबा उशीवरून खणखणीत बोलले:
"जनरल ॲव्हरेज."
"बघ, तब्येत ॲव्हरेज आहे म्हणतात."
माझा 'ए' तोवर वाचून झाला होता.
मोठ्यानं वाचून दाखवलं:
वादळात जहाज वाचवायला
कुणाचा तरी माल समुद्रात टाकावा लागतो.
ते नुकसान त्याच्या एकट्याचं नसतं;
ज्याचा ज्याचा माल वाचला
त्या सगळ्यांनी वाटून भरायचं.
सुहासनं चहा संपवला.
जाताना फ्रिजवर काही नोटा ठेवल्या.
वाटणी बरोबर नव्हती, पण होती.

काल संध्याकाळी खिडकीतून क्रेनकडे बघत
बाबा म्हणाले, "लॅगन."
चारदा. पाचव्यांदा अगदी हळू.
टिपणीसबाई दारातच होत्या, डोळ्यांना पदर:
"अगं, लगीन म्हणताहेत! तुझा घोर लागलाय."
मी सत्तेचाळीस वर्षांची,
कोपरापर्यंत साबणाचा फेस,
हसू आवरेना.

रात्री 'एल' काढला.
जहाजातून पाण्यात टाकलेला माल,
तळाला जाणारा,
पण वर तरंगता बोया बांधून ठेवलेला,
पुन्हा येऊन नेता यावा म्हणून.
वाहून गेलेल्याला वेगळा शब्द आहे,
टाकून दिलेल्याला वेगळा.
हा तिसराच: बुडवला आहे,
मालकी सोडलेली नाही.

दिवा लावून विचारलं,
"बाबा, खाली काय आहे?
दोरी कुठे बांधलीत?"
ते बघत राहिले. मग ओठ मिटले,
माझ्या नावातल्या म ला मिटतात तसे.
ढेकरही असेल.

चादरीवर मी एक उभी रेघ ओढली.