पोटाखालून दिसतं वय

लोको क्वार्टर पाडले तेव्हा
भुसावळच्या लिलावात तेराशेला घेतली,
वेत फाटलेली, झुलायची मात्र न कुरकुरता.

झांबर मिस्तरीनं ती उलटी केली,
ढोरांचा वैद्य म्हैस बघतो तशी.
"वय वरतून नही दिसत. पोटाखालून दिसते."

स्क्रूची खाच मधोमध नव्हती.
"हातानं कापेल हाये. यंत्राची चूक येगयी रायते."
नखानं खरवडलं, हुंगलं,
जिभेला लावून थुंकला:
"बरमा साग. शंभराच्या वर.
कितीनं वर, ते मले नको इचारू."

जळगावचा नेहते आला, खिशात टेप घेऊन.
पॉलिश केली असती तर निम्मी किंमत गेली असती, म्हणाला,
आणि नाही केली म्हणून गिऱ्हाईक नाही.
अठरा हजार.
मग बसून बघितलं त्यानं.
डावी कमान झिजलीय,
झुलता झुलता खुर्ची सरकते,
तासाला वीतभर, दाराकडे.
"खोट आहे. अकरा."

दुरुस्त होईल का, मी मिस्तरीला विचारलं.
तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
"व्हईन.
पन कोनी बसत असंन ना रोज,
डाव्या अंगावर कलून."

अकराला हो म्हटलंय. रविवारी टेम्पो येईल.
तोवर रात्री मीच बसतो.
दीडची मालगाडी यार्डातून सुटते,
फळीवरचे पेले किणकिणतात,
मी मुद्दाम उजवीकडे रेलतो.

डोळा लागतो.
पहाटे बघतो तर
गुडघे दाराला टेकलेले.