अकरावा महिना

वसुबारसेला रेवण अकरा महिन्यांचा झाला.
घरातलं सगळं आता एक हात वर गेलंय:
पणत्या टीव्हीवर, रांगोळीचे डबे फ्रिजवर,
सोऱ्या कुठं ठेवला ते मलाच आठवत नाही.

श्रुतिकानं अंगणात किल्ला केला, अळीव पेरले.
कोंब वर आले त्या सकाळी
हा बुरुजावर बसला, दुपट्यासकट,
आणि मावळा चोखत राहिला.
ती रडली. मग म्हणाली,
असू दे, शत्रू लहान आहे.

मामंजींनी शेडवरून बेदाणा आणला, ओंजळभर.
दिवसभर मी बोट घालून
ह्याच्या गालातून एकेक काढते.

गेल्या दिवाळीत मी मिरजेला होते,
डाव्या कुशीवर. उठायचं नाही, म्हणाले होते.
खिडकीत दुसऱ्यांचे आकाशकंदील.
फटाका वाजला की पोटावर हात ठेवायचे
आणि मोजायचे:
एक लाथ. दोन.
कधी कधी दुसरी यायला रात्र जायची.

आज भाऊबीज.
ओवाळताना ह्यानं ताटातली सुपारी पळवली,
बहिणीचा परकर धरून
पाटावर उभा राहिला.
मग परकर सोडला.

गल्लीत कुणीतरी माळ लावली.
मी मोजलं.
एक.
दोन.
तिसऱ्याला धपकन बसला,
सुपारी अजून मुठीत.