फिल्टरच्या घड्या

वैतींचा क्षितिज आला तेव्हा
रबाळ्यात वीज गेली होती.
बोअरिंग मशीन अर्ध्या सिलिंडरात अडकलेलं,
मी गाळ्याच्या पायरीवर बसून
नखांतलं ग्रीस काढत होते.
त्याने फोन पुढे केला.
चारशे घोडे, खांबेकाकू.
चारशे झालेच पाहिजेत.

बांधणार कुठे, मी विचारलं.

घर ऐरोलीत, ऑफिस महाप्याला,
वर्षातून दोनदा कोइम्बतूरचा ट्रॅक.
म्हणजे तीनशे साठ दिवस
घणसोलीच्या सिग्नलला पहिल्या गिअरात,
आणि उरलेले चार-पाच दिवस
टाचेखाली सगळं जग.
दोन्हीकडे तीच गाडी. तेच तेल.

त्या दिवशी माझ्याकडे दोन इंजिनं होती.
एक कुर्ल्याहून आलेलं, टर्बोचं, ॲल्युमिनियमचं,
लाल व्हॉल्व्ह कव्हर घासूनपुसून
वास्तुशांतीला निघाल्यासारखं.
दुसरं बिडाचं.
बेलापूरच्या कुणा कस्टम एजंटाच्या सेडानमधलं,
एक लाख साठ हजार चाललेलं,
दोघांनी उचललं तर तिसऱ्याची कंबर धरेल असं.

क्षितिज लाल कव्हरवरून हात फिरवत राहिला.
मी दोघांचेही फिल्टर काढले,
डबा कापला, कागद वर्तमानपत्रावर पसरला,
एकेक घडी उलगडून टॉर्च मारली.
कुर्ल्याच्या घड्यांत बारीक चमक,
पैठणीच्या काठासारखी.
भारी दिसतंय, तो म्हणाला.
बेअरिंग आहे ते, मी म्हटलं.
मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

बिडाच्या घड्यांत नुसती काजळी.
बोअरमध्ये गेज घातला:
वरपासून खालपर्यंत फरक एक शतांश,
आणि भिंतींवर होनिंगच्या तिरक्या रेघा
अजून तशाच,
पाटीवर पोराने नुकत्याच ओढल्यासारख्या.
माझा बाप अशा भिंतीवरून नख फिरवायचा,
डोळे मिटून.
मीही फिरवते, पण गिऱ्हाइकासमोर नाही.

चहा आला.
मी त्याची बशी तिरकी केली.
बघ, लांब उजवं वळण.
तेल या कडेला, पंपाचं तोंड त्या कडेला,
तीन सेकंद तो नुसती हवा पितो.
तीनच. तेवढ्यात क्रँक कोरडा.
चहा त्याच्या जीन्सवर सांडला.
राहू दे, तो म्हणाला, कळलं.

मग आम्ही घासाघीस केली,
मेथीची जुडी घेताना करतात तशी.
चारशेचे तीनशे, तीनशेचे दोनशे वीस.
टर्बो नको.
पिस्टन फोर्ज्ड, तेलाला वेगळा कूलर,
सम्पमध्ये पास्कलने वेल्ड केलेले आडवे पत्रे,
रेडिएटर दुप्पट जाडीचा.
दोन लाख ऐंशी हजार गेले
आणि बॉनेट उघडून मित्रांना दाखवावं असं
त्यातलं काहीच नव्हतं.
याचं त्याला वाईट वाटलं. मलाही, थोडं.

मे महिन्यात ऐरोलीच्या पुलावर
तो पन्नास मिनिटं अडकला, एसी लावून.
तिथूनच फोन केला,
काटा मध्यावरच आहे, काकू,
हललाच नाही.
मी जेवत होते. बरं, म्हटलं.

जानेवारीत आला तो ट्रॅकवरून,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
जुना फिल्टर घेऊन,
देवाचा नैवेद्य आणावा तसा दोन्ही हातांत.
सहावा आला होता.
पहिला आलेला चारशेवाला,
आणि त्याचंही इंजिन टिकलं,
हे त्याने स्वतःहून सांगितलं.
असतात एकेकाची नशिबं, मी म्हटलं,
मला नशीब मोजायचा गेज मिळालेला नाही.

डबा कापला. कागद पसरला.
पहिली घडी, दुसरी, अकरावी.
चुंबक फिरवला.
तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता,
त्याच्या शर्टाला रबर जळल्याचा वास.

काय आहे?
काहीच नाही.

टॉर्च बंद करायला
आम्हा दोघांनाही जरा वेळ लागला.