उसनी वाळू

आनेहोच्या किनाऱ्यावर आयोको मोजपट्टी ओढते
शाळेच्या उरलेल्या भिंतीपासून पाण्यापर्यंत.
सतरा मीटर चाळीस. गेल्या पौर्णिमेला एकोणीस होते.
पट्टी जर्मनीची, ड्रोन जपानचा,
उन्हात डोळे बारीक करणं तिचं स्वतःचं.

संध्याकाळी फोन लावते सरहद्दीपलीकडे, ग्रां-पोपोला:
"सेनामी, तुझ्याकडे काय?"
"दीड मीटर वाढलं गं."
"आमचंच ते. नीट बघ,
माझ्या आत्याच्या अंगणातले शिंपले असतील त्यात."
दोघी हसतात, तेवढ्यात बॅलन्स संपतो.

पश्चिमेला, घानातल्या केटात, देलाली
दगडी बांध मोजतो. त्याच्या बांधाआड
अडकलंय हिच्या वाट्याचं.
तो तसं लिहूनही पाठवतो दर महिन्याला,
न विचारता,
शेजारणीची वाटी रिकामी परत करताना
आवाज खाली जातो तसा.

रात्री तिन्ही देशांचे आकडे एका नकाशावर बसतात.
नकाशात वाळूला एकच रंग दिलाय.

पहाटे आयोको पुन्हा जाते.
भिंत नाही.
ती खिशातून खडू काढते,
मागच्या माडावर रेघ मारते
आणि तिथून
शून्य धरते.